ग्रीक-पर्शियन युद्धांतील सैन्यसंख्या

ग्रीक-पर्शियन युद्धांतील सैन्यसंख्या : इ. स. पू. पाचव्या आणि चौथ्या शतकांत ग्रीक राज्ये व पर्शियाचे हखामनी साम्राज्य यांच्यात झालेल्या लढायांत प्रत्यक्ष किती माणसे उतरली, हा प्राचीन इतिहासातला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. हाती असलेले आकडे जवळजवळ सगळे ग्रीक आणि पुढच्या काळातल्या रोमन लेखकांचे आहेत. पर्शियन बाजूची एकही लष्करी हजेरी सापडलेली नाही. म्हणजे हरलेल्यांची संख्या जिंकलेल्यांनी सांगितलेली, आणि तीही बहुतेक वेळा ऐकीव.

या वादाच्या मुळाशी ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने वर्णन केलेली एक मोजणी आहे. इ. स. पू. ४८० मध्ये सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून निघाला, तेव्हा थ्रेसच्या किनाऱ्यावर डॉरिस्कस येथील मैदानात त्याने सैन्य मोजून घेतले. दहा हजार माणसे मोजून एका जागी शक्य तितकी खेटून उभी केली. त्यांच्याभोवती वर्तुळ आखले, माणसे सोडून दिली आणि त्या रेषेवर बेंबीपर्यंत उंचीचा गडगा बांधला. मग त्या रिंगणात एकामागून एक जमाव कोंबायचे आणि बाहेर काढायचे. असे १७० वेळा झाले, म्हणून पायदळ १७,००,०००.

धान्य पायलीने मोजतात तशी ही माणसांची मोजणी झाली. पायलीने मोजताना माप शिगोशीग भरले की सैल, यावर हिशेब ठरतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. एका चौरस मीटरला चार माणसे धरली तर दहा हजारांचे रिंगण जेमतेम ५६ मीटर व्यासाचे होते. पहिल्या खेपेला माणसे छातीला पाठ लावून उभी राहिली असतील. शंभराव्या खेपेला भरउन्हात, ढाली-भाले घेऊन, भाषा न समजणाऱ्या मुकादमांच्या ओरडण्यावर तशीच राहिली असतील का? प्रत्येक खेपेला अर्धाच तास लागला असे मानले तरी १७० खेपांना ८५ तास हवेत. शिवाय दर खेपेला ‘दहा हजार’ लिहायचे ते रिंगणाच्या भरवशावर, आतली डोकी मोजून नव्हे. पद्धत खरी असली, तरी तिच्यातून नेमका आकडा निघत नाही.

हिरॉडोटस मात्र तिथे थांबत नाही. घोडदळ ८०,०००, उंट आणि रथांवरचे २०,०००. वल्ह्यांच्या तीन रांगांच्या १,२०७ युद्धनौका, दर नौकेवर २०० माणसे आणि वर ३० सैनिक. शिवाय लहानमोठी ३,००० गलबते. आशियातून आलेल्यांची बेरीज २३,१७,६१०. युरोपातून सामील झालेले मिळवून २६,४१,६१०. सेवक, सामानवाहू आणि रसदीच्या जहाजांवरचे लोक, म्हणजे मराठी बखरींच्या भाषेत बाजारबुणगे, तितकेच असणार असे धरून तो आकडा सरळ दुप्पट करतो : ५२,८३,२२०. स्वयंपाकिणी, नाटकशाळा, ओझ्याची जनावरे आणि भारतीय कुत्री यांची गणती कोणालाच करता येणार नाही, असेही वर सांगतो. शेवटचे दहा मोजून सांगणारा माणूस कुत्र्यांपाशी हात टेकतो, हे वाचताना गंमत वाटते. पण त्याच्या प्रामाणिकपणाची खूणही तीच आहे. कोणत्या देशाचे किती लोक होते ते आपल्याला नक्की सांगता येत नाही, हेही त्याने मोजणीच्या वर्णनातच कबूल केले आहे. सुती कपडे घातलेले आणि वेताची धनुष्ये घेतलेले सिंधू खोऱ्यातले भारतीय त्याच्या यादीत आहेत, त्यांची संख्या नाही.

आकडा खोटा पाडायला शत्रूची गरज नाही, भाकरी पुरते. माणशी रोज एक खोइनिक्स, म्हणजे लिटरभर धान्य धरून रोज १,१०,३४० मेडिम्नोस धान्य लागले असेल, असा हिशेब खुद्द हिरॉडोटसने केला आहे. एका मेडिम्नोसमध्ये ४८ खोइनिक्स. भागाकार नीट केला तर उत्तर १,१०,०६७ येते. म्हणजे त्याचे गणितही चुकले आहे. पण चुकीपेक्षा उत्तर महत्त्वाचे. हे रोजचे ४,००० टनांहून अधिक धान्य झाले. खेचराच्या पाठीवर शंभर किलो लादले तर एका दिवसाच्या शिध्यालाच चाळीस हजार खेचरे लागतील, आणि त्या खेचरांनाही दाणावैरण हवी. स्कामांडर, लिसस, एखेडोरस या नद्या सैन्याला पिण्यासाठी पुरल्या नाहीत, असे तो लिहितो. त्याच्या मते हे सैन्याच्या अफाटपणाचे प्रमाण. पुढच्या अभ्यासकांना त्यातच त्याच्या आकड्याविरुद्धचा पुरावा दिसला.

पुलाचेही तसेच. हेलेस्पाँटची सामुद्रधुनी ओलांडायला झर्क्सिसने ३६० आणि ३१४ नावांचे दोन पूल बांधले होते. एकावरून पायदळ आणि घोडदळ, दुसऱ्यावरून सामान आणि नोकरचाकर. सात दिवस सात रात्री, क्षणभर न थांबता, चाबकाच्या धाकाखाली सैन्य पार झाले असे हिरॉडोटस म्हणतो. अठरा लाखांना १६८ तासांत पार व्हायचे तर दर सेकंदाला तीन माणसे पलीकडे उतरायला हवीत, हलत्या पुलावरून, बुजणाऱ्या घोड्यांसकट. पुढे एका ठिकाणी तो याच कामाला महिना लागल्याचेही सांगतो.

जर्मन युद्धेतिहासकार हान्स डेलब्रूक याने १९०० मध्ये हा प्रश्न रस्त्यावर आणला. त्याच्या काळातली ३०,००० सैनिकांची जर्मन कोअर कूच करताना रस्त्याची किती लांबी व्यापते हे ठाऊक होते. तेच माप लावून त्याने दाखवले की झर्क्सिसची आघाडी थर्मॉपिलीच्या खिंडीशी पोचली असेल, तेव्हा पिछाडी टायग्रिसपलीकडच्या सूसा शहरातून नुकती निघत असेल. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश सेनाधिकारी सर फ्रेडरिक मॉरिस याने १९३० मध्ये पाणी मोजले. दार्दानेल्सच्या परिसरातल्या वाटा आणि पाणवठे पाहून त्याने जास्तीत जास्त २,१०,००० माणसे आणि ७५,००० जनावरे असा अंदाज बांधला. आजचे बहुतेक अभ्यासक साठ-सत्तर हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत कुठेतरी थांबतात. पट्टा रुंद आहे. पण लाखांच्या खालच्या बाजूला झुकणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण दोन लाखांची बाजू धरायची तर समुद्रमार्गे येणारी रसद जवळजवळ कधीच चुकली नाही असे मानावे लागते.

एक सोपी तोड अनेकांनी सुचवली आहे : सगळ्याला दहाने भागा. पर्शियन सैन्याची रचना दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा चढत्या पथकांची होती. हजारांवरच्या सरदाराला हझारपतिश म्हणत. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘हजार’ फारसीतून आपल्याकडे आला आणि ‘सहस्र’ त्याचा संस्कृत भाऊ. ग्रीकांनी पर्शियन हजाराला दहा हजार समजून घेतले, तर १७ लाखांचे १,७०,००० होतात आणि ८०,००० घोडेस्वारांचे ८,०००. दोन्ही आकडे पटण्याजोगे. पण हीच कात्री ‘अमर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बादशाही पथकाला लावली की उसवते. हे दहा हजारांचे पथक हिरॉडोटसने बारकाव्यानिशी सांगितले आहे : हजारांच्या भाल्यांच्या बुडाला सोन्याची डाळिंबे, नऊ हजारांच्या चांदीची. तिथे दहाने भागायला जागा नाही. शिवाय ग्रीक भाषेत ‘दहा हजार’ आणि ‘अगणित’ यांना एकच शब्द होता, फरक फक्त आघाताचा. मराठीत ‘लाख वेळा सांगितले’ म्हणणाऱ्याच्या तोंडचे लाख कोणी मोजत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

लेखक स्वतः जिथे हजर होता तिथे फरक लगेच कळतो. इ. स. पू. ४०१ मध्ये कुनाक्साच्या लढाईत झेनोफन राजाविरुद्ध उठलेल्या पर्शियन राजपुत्राच्या, धाकट्या सायरसच्या, भाडोत्री ग्रीक फौजेबरोबर होता. लढाईआधीच्या हजेरीत आपल्या बाजूचे १०,४०० जड पायदळी आणि २,५०० हलके ढालाईत भरले, असे तो सांगतो. समोरच्या राजाचे सैन्य मात्र बारा लाख असल्याचे बोलले जात होते. त्यातले नऊ लाख लढाईला होते आणि तीन लाखांचा एक सेनापती पाच दिवस उशिरा पोचला. त्याच दिवशी राजाच्या बाजूला असलेला ग्रीक वैद्य टीसियस ४ लाख म्हणतो. एक रणांगण, दोन साक्षीदार, आणि अंतर पाच लाखांचे. हा टीसियस विश्वासार्ह नाही, ही ओरड जुनीच. पण इथे तो निदान कमी बोलतो.

ग्रीक बाजूचे आकडे लहान असल्यामुळे अधिक खरे वाटतात, तरी तेही तपासावे लागतात. सॅलमिसला हिरॉडोटस ग्रीक नौका ३७८ सांगतो. त्यानेच गावागणिक दिलेली यादी मिळवली तर ३६६ होतात. त्या लढाईवर आठ वर्षांनी नाटक लिहिणारा एस्किलस ३१० म्हणतो. प्लाटीयाच्या (४७९) रणांगणावर ३८,७०० जड पायदळी, ६९,५०० हलके आणि शस्त्रे पुरेशी नसलेले १,८०० थेस्पियावासी मिळून बरोबर १,१०,००० होतात. बेरीज इतकी गोल आल्यावर शंका येतेच. हलक्यांमधले ३५,००० हेलॉट, म्हणजे स्पार्टाचे बांधील शेतमजूर, ५,००० स्पार्टनांना माणशी सात या हिशेबाने धरलेले आहेत. त्यांतले किती लढले आणि किती नुसती खोगीरभरती, हे त्या गुणाकारातून कळत नाही.

अलेक्झांडरच्या काळात आकड्यांना आणखी भरती आली. ग्रॅनिकसला पर्शियन फौज एरियनच्या मते घोडदळ वीस हजार आणि भाडोत्री पायदळ जवळपास तितकेच. जस्टिनच्या मते सहा लाख. गॉगामेलाला (३३१) एरियन दहा लाख पायदळ देतो, कर्टियस दोन लाख. एरियनने लिहिले ते लढाईनंतर साडेचार शतकांनी, तेही जुन्या बखरी समोर ठेवून. जाडजूड आकड्याला हसणे ही आधुनिकांची मक्तेदारी नाही, हे मात्र इससच्या लढाईवरून (३३३) दिसते. अलेक्झांडरबरोबर असलेल्या कॅलिस्थेनिसने तिथे पर्शियनांचे ३०,००० घोडेस्वार आणि ३०,००० भाडोत्री सांगितले होते. इ. स. पू. दुसऱ्या शतकात पोलिबियसने ते मैदानाच्या मापात घालून पाहिले. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागा १४ स्टेडिया (स्टेडियम हे लांबीचे ग्रीक माप). घोडदळ आठ रांगांहून खोल लावण्यात अर्थ नसतो. घोड्यांमध्ये वळायला जागा सोडली तर एका स्टेडियमवर ८०० मावतात, चौदांवर ११,२००. तीस हजारांना तीन फळ्यांत एकामागे एक उभे करायचे, तर भाडोत्री पायदळ कुठे ठेवायचे, घोडदळाच्या पाठीमागे? ज्याने लिहिले त्याला फौज कधी उभी करावी लागली नव्हती, असा पोलिबियसचा एकूण सूर आहे. डेलब्रूकच्या आधी दोन हजार वर्षे ही पद्धत वापरात होती.

पर्शियनांना मोजणी येत नव्हती, असे मुळीच नाही. १९३३-३४ च्या उत्खननात पर्सेपोलिसला एलामी भाषेतल्या हजारो मातीच्या पाट्या मिळाल्या. इ. स. पू. ५०९ ते ४९३ या वर्षांत कोणत्या कामगाराला किती सातू, कोणत्या वाटसरूला किती पीठ आणि दारू दिली, याचे मापानिशी हिशेब त्यांत आहेत. झर्क्सिसच्या वडिलांच्या, दरायसच्या कारभाराची ती काटेकोर चोपडी आहे. तशी एखादी चोपडी मोहिमेचीही असणार. ती हाती नाही.

जिवंतांपेक्षा मेलेल्यांचे आकडे अधिक धड आहेत. मॅरेथॉनला (४९०) पर्शियन सैन्य किती होते हे हिरॉडोटस सांगतच नाही. नेपोस दोन लाख आणि जस्टिन सहा लाख म्हणतात, ते कित्येक शतकांनंतर. पण अथेन्सचे १९२ आणि पर्शियनांचे ६,४०० पडले, हे हिरॉडोटसने दिले आहे. १९२ विश्वासार्ह, कारण त्यांची नावे जमातवार दगडी पाट्यांवर कोरलेली होती आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियसने त्या पाट्या पाहिल्या. ६,४०० चा उगम बहुधा एका नवसात आहे. जितके शत्रू मारू तितक्या शेळ्या देऊ, असे अथेनियनांनी आर्टेमिस देवीला बोलले होते, म्हणजे प्रेते मोजणे भाग होते. लढाई संपल्यावर तितक्या शेळ्याच मिळेनात, म्हणून वर्षाला ५०० द्यायचे ठरले. त्या हिशेबाने नवस तेराव्या वर्षी फिटायला हवा होता. झेनोफनने कुनाक्सानंतर आपल्या सैनिकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा मॅरेथॉनला ८९ वर्षे झाली होती, आणि अथेन्समध्ये दरवर्षी ५०० शेळ्या अजून कापल्या जात होत्या.