अल्पवयीन खेळाडू आणि व्यावसायिक टेनिस : महिला टेनिसमधील वयोमर्यादा नियमाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास बहुतांशी विजेत्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्यांची कारकीर्द ऐन उमेदीत खुंटली त्या खेळाडूंची नोंद तळटीपेपुरती उरते. वस्तुतः एखाद्या खेळाची अर्थव्यवस्था खेळाडूच्या शरीराकडून आणि मनाकडून नेमकी काय वसूल करते, हे समजून घेण्यासाठी अशा खंडित कारकिर्दीच अधिक उपयुक्त ठरतात. महिला टेनिसमध्ये १९९५ पासून वयोमर्यादेचा नियम लागू झाला. हा नियम कोणाच्या परोपकारबुद्धीतून जन्माला आला नाही. त्याच्या मागे सुमारे दीड दशकाचा इतिहास असून त्या इतिहासाची किंमत काही अल्पवयीन मुलींनी मोजली आहे. प्रस्तुत लेखात ट्रेसी ऑस्टिन, अँड्रिया येगर आणि जेनिफर कॅप्रियाती या तीन अमेरिकन खेळाडूंच्या आधारे या नियमाच्या पार्श्वभूमीचा आढावा घेतला आहे.

खुल्या युगाचे अर्थकारण

१९६८ पूर्वी विम्बल्डनसारख्या प्रमुख स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमाउथ येथे व्यावसायिक आणि हौशी खेळाडू प्रथमच एका स्पर्धेत एकत्र आले आणि टेनिसचे 'खुले युग' सुरू झाले. महिलांच्या वाट्याला येणारी बक्षिसाची रक्कम मात्र अत्यल्पच राहिली. त्याविरुद्ध १९७० साली बिली जीन किंग यांच्यासह नऊ खेळाडूंनी ह्यूस्टन येथे बंड केले. पुढे १९७३ मध्ये महिला टेनिस संघटना स्थापन झाली. दूरचित्रवाणी, सिगारेट कंपन्यांचे प्रायोजकत्व, वस्त्रप्रावरणे व रॅकेट यांच्या जाहिराती यांतून या खेळात पैशाचा ओघ सुरू झाला. स्त्रियांच्या आर्थिक हक्कांचा हा लढा निःसंशय न्याय्य होता. तथापि, त्याने उभारलेल्या बाजारपेठेत पुढच्याच दशकात शाळकरी मुली उतरल्या, हा इतिहासाचा एक विपर्यास म्हणावा लागेल.

टेनिसच्या रचनेतील काही गोष्टी येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९७५ पासून महिलांची क्रमवारी संगणकाद्वारे ठरू लागली. गेल्या बावन्न आठवड्यांतील कामगिरीवर हे स्थान अवलंबून असल्याने विश्रांती घेणे म्हणजे क्रमवारीत घसरणे, असे समीकरण तयार झाले. संघाच्या खेळात दुखापतग्रस्त खेळाडूची जागा दुसरा घेतो आणि त्याचे वेतन सहसा चालू राहते. टेनिसपटूला ना संघ, ना वेतन. जिंकले तर पैसे, हरले तर पुढच्या गावाचा प्रवास. सामना सुरू झाल्यावर प्रशिक्षकाशी बोलण्यासही त्या काळी मनाई होती. प्रौढ व्यक्तीलाही जड जाणारा हा एकांत चौदा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला येतो तेव्हा त्याचे स्वरूप बदलते.

ऑस्टिन आणि येगर

ट्रेसी ऑस्टिनचा जन्म डिसेंबर १९६२ चा. १९७७ साली वयाच्या चौदाव्या वर्षी तिने पोर्टलँड येथील व्यावसायिक स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी ती विम्बल्डनमध्ये ख्रिस एव्हर्टविरुद्ध खेळली, तर अमेरिकन खुल्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली. दोन वेण्या आणि झालरीचा पोशाख घातलेली ही मुलगी प्रेक्षकांची लाडकी झाली. १९७९ मध्ये सोळा वर्षे नऊ महिने वयाची असताना एव्हर्टला हरवून ती अमेरिकन खुल्या स्पर्धेची सर्वांत लहान विजेती ठरली. १९८० मध्ये ती जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी गेली आणि १९८१ मध्ये नवरातिलोवाला नमवून तिने अमेरिकन विजेतेपद पुन्हा मिळवले. तेव्हा तिला एकोणिसावेही लागले नव्हते. या काळातच पाठीच्या व कंबरेच्या दुखण्याने तिला गाठले आणि १९८३ नंतर तिचा खेळ जवळजवळ थांबला. सर्व्हिस करताना पाठीचा कणा मागे वाकून त्याच क्षणी पिळला जातो. वाढीच्या वयातील हाडांवर ही क्रिया दिवसाला शेकडो वेळा घडली तर कमरेच्या मणक्यांना ताणजन्य भेगा पडण्याचा धोका असतो, हे क्रीडावैद्यकाने पुढे स्पष्ट केले. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस गौरव दालनात तिचा समावेश झाला तेव्हा ती अवघी २९ वर्षांची होती. अन्य खेळाडूंना हा मान सहसा याहून मोठ्या वयात मिळतो.

अँड्रिया येगरची कथा शरीरापुरती मर्यादित नाही. १९६५ साली जन्मलेली ही मुलगी चौदाव्या वर्षी व्यावसायिक झाली, सोळाव्या वर्षी जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचली. १९८२ ची फ्रेंच आणि १९८३ ची विम्बल्डन अशा दोन अंतिम सामन्यांत ती नवरातिलोवाकडून पराभूत झाली. त्यांपैकी विम्बल्डनचा निकाल ६-०, ६-३ असा एकतर्फी होता. वडील हेच तिचे प्रशिक्षक होते. त्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री वडिलांशी तीव्र मतभेद झाले आणि आपण तो सामना जिंकण्याच्या ईर्ष्येने खेळलोच नाही, असे येगरने अनेक वर्षांनंतर सांगितले. दीर्घ काळानंतरच्या आठवणीवर आधारलेले हे कथन पुरावा म्हणून जपूनच वापरले पाहिजे. नवरातिलोवा त्या वर्षी कोणालाही त्याच गुणांनी हरवू शकली असती, हेही खरे. मात्र जिंकण्याची इच्छाच नसलेली अठरा वर्षांची अंतिम स्पर्धक त्या कथनातून समोर येते आणि तिचा विचार निकालपत्रावरून करता येत नाही. १९८४ मध्ये खांद्याच्या दुखापतीने तिची कारकीर्द संपुष्टात आल्यासारखीच झाली. पुढे तिने कर्करोगग्रस्त मुलांसाठी संस्था उभारली आणि २००६ मध्ये ती अँग्लिकन पंथाची जोगीण झाली.

कॅप्रियाती प्रकरण

या दोघींच्या अनुभवानंतर १९८० च्या दशकाच्या मध्यास चौदा वर्षांखालील मुलींना व्यावसायिक स्पर्धांत मज्जाव करण्यात आला. मार्च १९९० मध्ये जेनिफर कॅप्रियाती बोका रॅटन येथे पहिली व्यावसायिक स्पर्धा खेळली. चौदावा वाढदिवस त्याच महिन्याच्या अखेरीस होता आणि नियमाला तेवढे पुरेसे होते. या स्पर्धेत तिने अंतिम फेरी गाठली. एकही व्यावसायिक सामना खेळण्यापूर्वी डायडोरा आणि प्रिन्स या कंपन्यांशी तिचे जाहिरातीचे करार झालेले होते. खेळाडूचे यश आधी आणि बाजारमूल्य नंतर, हा क्रम येथे उलटा झाला.

त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेची उपांत्य फेरी, जगातील पहिल्या दहांत प्रवेश, १९९१ मध्ये विम्बल्डनला नवरातिलोवावर विजय, १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टेफी ग्राफला हरवून सुवर्णपदक. १९९३ च्या अमेरिकन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरल्यावर मात्र तिने खेळ सोडला. डिसेंबर १९९३ मध्ये दुकानातून अंगठी उचलल्याचे प्रकरण आणि मे १९९४ मध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक, यांमुळे तिचे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. अठरा वर्षांच्या सामान्य मुलीच्या बाबतीत या घटनांची वार्ता गावाबाहेरही गेली नसती.

अमेरिकेत कारखान्यांतील बालमजुरीला १९३८ च्या कायद्याने आळा बसला होता. टेनिसच्या मैदानावरील मुलीला मात्र कोणी मजूर समजत नव्हते. ती 'विलक्षण प्रतिभावान' होती आणि प्रतिभेला कामाचे तास नसतात, असाच सर्वांचा समज होता. या समजात पालक, प्रायोजक, स्पर्धांचे आयोजक आणि वृत्तपत्रे यांचे हितसंबंध गुंतलेले होते. सर्व दोष वडिलांवर टाकण्याची तत्कालीन पत्रकारितेची प्रवृत्ती म्हणूनच अपुरी वाटते.

१९९५ चा नियम आणि त्यानंतर

कॅप्रियाती प्रकरणानंतर महिला टेनिस संघटनेने वैद्यक, मानसशास्त्र आदी क्षेत्रांतील तज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्याच्या शिफारशींनुसार जानेवारी १९९५ पासून चौदा वर्षांच्या मुलींना प्रमुख स्पर्धा बंद झाल्या. पंधराव्या वर्षापासून स्पर्धांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन अठराव्या वर्षी पूर्ण मोकळीक, अशी ही योजना होती. मार्टिना हिंगिस आणि व्हीनस विल्यम्स या दोघींनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, म्हणजे दार बंद होण्याच्या ऐन तोंडावर, पदार्पण उरकून घेतले. हिंगिस सोळाव्या वर्षी जगात पहिली आली आणि २००३ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे बाविसाव्या वर्षी निवृत्त झाली. मुंबईत जन्मलेल्या आणि हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाशी तिची दुहेरीतील जोडी जमली ती पुनरागमनानंतर, २०१५ मध्ये.

दहा वर्षांनंतर झालेल्या आढाव्यात वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत खेळ सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आल्याचे आढळले. याच काळात क्रीडावैद्यक आणि बक्षिसांच्या रकमाही वाढल्या, त्यामुळे सगळे श्रेय नियमाला देता येणार नाही. नियमाला विरोधही झाला. २०१९ मध्ये पंधरा वर्षांच्या कोको गॉफने विम्बल्डनमध्ये व्हीनस विल्यम्सला हरवले तेव्हा रॉजर फेडररने ही बंधने सैल करावीत असे मत मांडले. मर्यादित स्पर्धांमुळे प्रत्येक स्पर्धेचे दडपण उलट वाढते, हा या बाजूचा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ॲशली बार्टीचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. ती नियमाच्या चौकटीतच घडली. २०११ मध्ये पंधराव्या वर्षी विम्बल्डनचे कुमारी गटाचे विजेतेपद मिळवणारी बार्टी २०१४ मध्ये अठराव्या वर्षी टेनिस सोडून गेली आणि काही काळ ब्रिस्बेन संघाकडून क्रिकेट खेळली. २०१६ मध्ये ती परतली, तीन प्रमुख एकेरी विजेतेपदे तिने मिळवली आणि मार्च २०२२ मध्ये, जगात पहिल्या स्थानी असताना, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली. त्याच्या आदल्या वर्षी नाओमी ओसाकाने मानसिक स्वास्थ्याचे कारण देऊन फ्रेंच स्पर्धेत पत्रकार परिषदेस नकार दिला होता. आयोजकांनी तिला १५,००० डॉलर दंड केला. दुसऱ्या फेरीपूर्वी तिने स्पर्धेतून माघार घेतली आणि २०१८ पासून आपण नैराश्याशी झुंजत असल्याचे सांगितले. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. वयोमर्यादेचा नियम तिला तेव्हा लागू नव्हता.