गोल्ड विंग : खोट्या टाकीची आणि खऱ्या प्रवासाची कहाणी

साल १९७४. जर्मनीतील कोलोन शहरातील मोटारसायकल प्रदर्शनात होंडाने एक नवे यंत्र मांडले, जीएल १००० गोल्ड विंग. आज हे नाव लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलचा पर्यायशब्द बनले आहे. मात्र त्या दिवशी मांडलेल्या यंत्राला वारा अडवणारी काच नव्हती, सामानाच्या पेट्या नव्हत्या, पाठ टेकायची सोयही नव्हती. प्रवासाची राणी उघड्या अंगानेच जन्माला आली. तिला वस्त्रे कोणी चढवली, हा या धाग्याचा विषय.

थोडे मागे जाऊ. १९६९च्या सीबी ७५० ने होंडाला मोठ्या मोटारसायकलींच्या अग्रभागी नेले होते. १९७२ मध्ये कावासाकीने ९०३ सीसीची झेड-१ आणली आणि ते स्थान डळमळले. त्याच वर्षी होंडाने एक प्रायोगिक यंत्र बांधले. त्याचे सांकेतिक नाव एम-१. प्रमुख होते शोइचिरो इरिमाजिरी, साठच्या दशकात होंडाची सहा सिलिंडरांची शर्यती इंजिने घडवणारे अभियंते. (पुढे हेच गृहस्थ व्हिडिओ गेमच्या सेगा कंपनीचे अध्यक्ष झाले, इतिहासाला असली वळणे आवडतात.) एम-१ चे इंजिन १४७० सीसीचे होते. त्याचे सहा सिलिंडर दोन बाजूंना तीन-तीन असे आडवे निजलेले. धावण्यात ते अत्यंत गुळगुळीत होते. अडचण लांबीची होती. इंजिन लांब, त्यामागे गिअरपेटी. मग स्वाराचे पाय ठेवायचे कुठे?

हा प्रकल्प पुढे तोशिओ नोझुए यांच्याकडे गेला. त्यांच्या चमूने सहाचे चार सिलिंडर केले आणि गिअरपेटी इंजिनाच्या मागून काढून खाली सरकवली. लांबीचा प्रश्न सुटला. दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. इंजिनाचा मुख्य दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरत असला, की थ्रॉटल पिळताच संपूर्ण गाडी एका कुशीला झुकू पाहते. बीएमडब्ल्यूच्या स्वारांना हा झटका परिचयाचा होता. होंडाने त्यावर काढलेला तोडगा असा, की वीज निर्माण करणारा जनित्र मुख्य दांड्याच्या उलट दिशेने फिरवायचा. एकाचा पीळ दुसरा खोडून काढतो.

इंजिन ९९९ सीसीचे, पाण्याने थंड होणारे, सुमारे ८० अश्वशक्तीचे. मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट; म्हणजे हजारो किलोमीटरच्या वाटेवर साखळी ताणणे नाही, तेल घालणे नाही. पेट्रोलची टाकी आसनाखाली गेली, कारण तेवढे वजन खाली आले की गाडी सावरायला सोपी जाते. नेहमीच्या जागी जी टाकी दिसे, ती नुसता देखावा होता. तिचे पाखे उघडले की आत विजेची जोडणी असे आणि प्रसंगी लावायचा किकचा दांडाही तिथेच ठेवलेला असे.

एवढी सगळी बुद्धी खर्चून होंडाला हवा होता तो वेगाचा आणि प्रतिष्ठेचा मुकुट. पण काळ फिरला होता. १९७३च्या तेलसंकटानंतर, जानेवारी १९७४ मध्ये, अमेरिकेने महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे जेमतेम ८८ किलोमीटरची, मर्यादा घातली. सर्वात मोठ्या बाजारपेठेत वेगाचे मोल अर्ध्यावर आले.

मात्र त्याच बाजारपेठेतील स्वारांनी या यंत्रात निर्मात्यांपेक्षा वेगळे काही पाहिले. न तापणारे, न थरथरणारे, साखळीच्या कटकटीतून मोकळे असे हे इंजिन दिवसभर चालवता येत होते. मग त्यांनी बाहेरून सामान आणून ते गाडीवर चढवायला सुरुवात केली. इलिनॉय राज्यात क्रेग व्हेटर यांचा विंडजॅमर नावाचा पुढचा पडदा तयार होत असे. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर तो बसवता येई. पडदा, पेट्या, रेडिओ, जाड आसने यांचा एक स्वतंत्र व्यवसायच गोल्ड विंगभोवती उभा राहिला. होंडा गाडी विकत होती, पण तिला प्रवासाची गाडी बनवण्याचा पैसा दुसऱ्यांच्या खिशात जात होता.

हे ध्यानात यायला कंपनीला पाच वर्षे लागली. १९८०च्या जीएल ११०० बरोबर इंटरस्टेट ही आवृत्ती आली, कारखान्यातूनच पडदा आणि पेट्या लावलेली. त्याच वर्षी ओहायो राज्यातील मेरिसव्हिल येथे गोल्ड विंगचे उत्पादन सुरू झाले. जपानी यंत्र अमेरिकन स्वारांच्या अंगणात तयार होऊ लागले, ते २००९ पर्यंत.

१९८८च्या जीएल १५०० मध्ये एम-१ चे सहा सिलिंडर सोळा वर्षांनी परतले. सोबत आली मागे जाण्याची सोय, कारण वजन आता साडेतीनशे किलोंच्या पुढे गेले होते आणि उतारावर तोंड करून उभी केलेली ही गाडी पायांनी मागे रेटणे भल्याभल्यांना जमत नसे. त्यासाठी सुरू करणारी विजेची मोटरच वापरली गेली. २००१ मध्ये १८३२ सीसी आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा आला. त्यानंतर उत्पादनातील मोटारसायकलवर जगात प्रथमच एअरबॅग आली ती याच मालिकेत.

खरी उलथापालथ झाली ती २०१८ मध्ये. पुढचे सस्पेन्शन बदलले. नेहमीचा तिरका फोर्क दबला की चाक वर जाता जाता इंजिनाकडे सरकते, म्हणून तिथे मोकळी जागा सोडावी लागते. नव्या दुहेरी विशबोन रचनेत चाक जवळपास सरळ वर-खाली होते. ती जागा वाचली, इंजिन पुढे गेले, पाठोपाठ स्वार पुढे गेला, आणि सारी गाडीच आखूड झाली. सात गिअरांची डीसीटी आली. वजन सुमारे ४० किलोंनी घटले. अभियांत्रिकी म्हणून हे काम अव्वल दर्जाचे आहे.

पण त्या काटकसरीत पेट्याही लहान झाल्या. आधीची जवळपास दीडशे लिटरची जागा ११० लिटरवर आली. तरुण स्वार हवेत म्हणून केलेला हा बदल जुन्या जोडप्यांना रुचला नाही. १९७५ मध्ये पेट्या बाहेरून आणाव्या लागल्या होत्या. आता कंपनीने दिलेल्या पेट्या तिनेच आक्रसल्या होत्या. २०२१च्या मॉडेलमध्ये होंडाने मागची पेटी ५० लिटरवरून ६१ लिटरची केली, दोन पूर्ण आकाराची हेल्मेटे सहज मावतील अशी. मागे बसणाऱ्याच्या पाठीचा टेकाही १७ अंशांऐवजी २४.५ अंशांनी कलला.