सुभेदाराचा मान, छावणीच्या फाटकापर्यंत

लष्करातून निवृत्त होऊन अधिकारी गावी परतला की वेशीपासून मिरवणूक निघते. उघडी जीप, फेटा, हलगी, औक्षण, मग शाळेच्या पटांगणात शाल-श्रीफळ. यात वावगे काहीच नाही. मात्र सत्कार देखणा झाला म्हणजे सन्मान पुरा झाला, असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि इतिहास त्या समजुतीला दुजोरा देत नाही. निवृत्ताला पलटणीने कसा निरोप दिला, यावरून पलटणीची रीत कळते. त्याचा मान किती खरा होता, हे तो छावणीच्या फाटकाबाहेर पडल्यावर ठरते. त्याच्या हुद्द्याला गाव काय किंमत देतो आणि त्याच्या मुलांसाठी दार उघडे राहते का, या दोन कसोट्यांवर एकोणिसाव्या शतकातली कोकणातली दापोली तपासून पाहण्याजोगी आहे.

निवृत्तांचा आणि दीर्घ सेवेचा मान कसा राखावा, याची व्यवस्था कंपनी सरकारने बारकाईने लावलेली होती. 1837 साली हिंदी अधिकाऱ्यांसाठी ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा किताब सुरू झाला. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ ही पदवी आणि रोज दोन रुपयांचा भत्ता, दुसऱ्या वर्गाला ‘बहादूर’ आणि रोज एक रुपया. पदक गळ्यात घालायचे. त्याची फीत आधी आकाशी होती. केसांच्या तेलाने ती डागळते म्हणून वर्षभरातच किरमिजी करण्यात आली, असे सांगतात. फितीच्या रंगापर्यंत ज्याने विचार केला, त्या सरकारला मानाचे मोल कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. या किताबापर्यंत मोजकेच पोचत. बाकीच्यांच्या हाती उरे ते पेन्शन. शेताच्या पिकावर आणि सावकाराच्या मर्जीवर जगणाऱ्या मुलखात दरमहा ठरलेली रोकड घरात येणे ही मोठी गोष्ट होती, आणि नावामागे लागलेला ‘सुभेदार’ हा शब्द त्याहून मोठी.

अशा पेन्शनरांचे दापोली हे मोठे ठिकाण. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इथे छावणी वसवली. नियमित पलटणी हलल्यानंतरही काही काळ वयस्क शिपायांची तुकडी राहिली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्या काळाची खूण आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्यातले अनेक निवृत्तीनंतर दापोलीत स्थायिक झाले. त्यांच्यात हवालदार गोपाळबाबा वलंगकर होते. ते 1886 साली निवृत्त झाले. पुढे सुभेदार रामजी सकपाळही आले. लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी करून 1894च्या सुमारास त्यांनी पेन्शन घेतली होती. पलटणीत शिपायांच्या मुलाबाळांच्या शिक्षणाची सोय असे, त्यामुळे या वस्तीत लिहिता-वाचता येणारी माणसे होती, आणि अर्ज कसा करायचा हेही त्यांना ठाऊक होते.

आता पहिली कसोटी. याच पेन्शनरांनी 1890च्या दशकात आपल्या मुलांना दापोलीच्या नगरपालिका शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले, तेव्हा मुलांच्या वाट्याला व्हरांडा आला. वलंगकरांना 1895 साली महाडच्या लोकल बोर्डावर नेमले, तर सवर्ण सभासदांनी बैठकांवर बहिष्कार घातला. रामजी पुढे साताऱ्याकडे नोकरीला गेले. 1901 साली त्यांची मुले वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. जात कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, ते असे की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे. वाटेत पाणीही मिळाले नाही. त्या मुलांतला एक म्हणजे भीमराव, डॉ. आंबेडकरांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला. सुभेदारी आणि पेन्शन दोन्ही जागेवर होती, पण मसूरच्या फलाटावर त्यांची किंमत शून्य ठरली.

यावर कोणी म्हणेल की हा दोष समाजाचा आहे. फौजेने कबूल केलेली पेन्शन दिली, मग तिला बोल का लावायचा? आक्षेप निम्मा खरा आहे. गाडीवाल्याच्या मनातला विटाळ फौजेने निर्माण केला नव्हता. पण दुसरी कसोटी सर्वस्वी फौजेच्या हातातली होती, आणि तीत ती नापास झाली. ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धान्ताला मान देऊन 1892च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. बापाची चाकरी इमानाची, म्हणून त्याला पेन्शन. मुलगा त्याच रक्ताचा, पण लढाऊ नाही, म्हणून त्याला मज्जाव! हे दोन्ही निर्णय एकाच सरकारचे. दुसऱ्या निर्णयाने पहिल्याचा अर्थच पुसून टाकला, कारण बाप जे करून सन्मानाला पात्र ठरला तेच काम त्याच्या जातीला जमत नाही, असा त्याचा जाहीर अर्थ होता. वलंगकरांनी 1894 साली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून लष्करी अधिकाऱ्यांसाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. निवृत्त माणसांना आपला खरा अपमान कशात झाला हे नेमके कळले होते. त्यांनी किताब किंवा वाढीव भत्ता नव्हे, भरती मागितली.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पेन्शन इतकी पोकळ असती तर त्याच घरातून आंबेडकर कसे घडले? खरे आहे, नेमाने येणाऱ्या त्या पैशाने आणि पलटणीतल्या शिक्षणाने एक पिढी उभी केली. म्हणूनच रोकड हा सन्मानाचा पाया आहे, आणि शाल-श्रीफळाने तिची जागा भरून निघत नाही. मात्र पाया म्हणजे घर नव्हे. पेन्शनीने या माणसांना अर्ज लिहिण्याइतके बळ दिले. अर्जाची दखल घेणे सरकारच्या हाती होते, आणि ते त्याने फार उशिरा केले. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा 1917 साली 111वी महार पलटण उभारली गेली आणि गरज सरताच काही वर्षांत मोडली गेली. पुढे 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. वलंगकर 1900 सालीच वारले होते, आणि सुभेदार रामजींना जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.