वीज, सभासद आणि हिशेब

सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. गेली वीसेक वर्षे मी तो वाचतो आहे. रद्दीच्या दुकानांतून, बंद पडलेल्या सोसायट्यांच्या कपाटांतून आणि निवृत्त सचिवांच्या ट्रंकांतून मिळतील तसे हे अहवाल मी गोळा केले. त्यांची भाषा ठरलेली असते. आधी ‘सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की’, मग विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंद व नफा-तोटा पत्रकास मंजुरी देणे आणि शेवटी ऐनवेळचे विषय. वरवर रुक्ष वाटणाऱ्या या कागदात एक मोठी गोष्ट दडलेली असते. संस्था आपल्या सभासदाला मालक समजते की गिऱ्हाईक, हे त्या चार-सहा पानांवरून कळते.

साखर कारखान्याच्या किंवा दूध संस्थेच्या सभासदाला हिशेब फारसा शिकवावा लागत नाही. उसाचे टन काट्यावर दिसतात, दुधाचे फॅट पावतीवर येते. विजेचे तसे नाही. ती दिसत नाही, साठवता येत नाही, आणि वाटेत किती गळाली हे बांधावर उभे राहून कळत नाही. वीज वाटणारी संस्था सहकारी असेल, तर सभासदाला माहिती देणे हा तिच्या जनसंपर्काचा भाग राहत नाही. तो तिच्या कारभाराचाच भाग होतो. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या प्रयोगाकडे मी याच बाजूने पाहतो.

पाच प्रयोग

अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीच्या शिफारशीवरून २५ जुलै १९६९ रोजी ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला. त्याच सुमारास खेड्यांत वीज वाटण्यासाठी पाच प्रायोगिक सहकारी संस्था उभ्या राहिल्या : आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडीनार, कर्नाटकात हुक्केरी, उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक, आणि आपल्याकडे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा.

जागेची निवड विचारपूर्वक झाली होती. याच प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. शेअर, सभा, संचालक मंडळ हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी रुळले होते. विहिरी होत्या, ऊस होता आणि पंपाला विजेची भूक होती. १९७१ च्या सुरुवातीला मुळा-प्रवरा वीज संस्थेने काम सुरू केले. श्रीरामपूर, राहुरी आणि शेजारच्या तालुक्यांतली १८३ गावे तिच्या क्षेत्रात आली. संस्था स्वतः वीज निर्माण करत नव्हती. ती वीज मंडळाकडून घाऊक विकत घ्यायची आणि आपल्या तारांवरून किरकोळ विकायची. वाण्याचा धंदाही असाच चालतो. घाऊक भाव, किरकोळ भाव, वाटेतली तूट आणि उधारी या चार आकड्यांवर दुकान तरते किंवा बुडते.

मूळ कुठले?

हा नमुना अमेरिकेतून आला होता. तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६२ मध्ये आपल्या सरकारशी करार केला आणि इतर देशांत अशा संस्था उभारायला मदत सुरू केली. भारतातल्या पहिल्या संस्थांच्या आखणीत या संघटनेचे तज्ज्ञ होते.

अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या मध्यावर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत तारा ओढणे खासगी कंपन्यांना परवडणारे वाटत नव्हते. मे १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले, पुढच्या मे महिन्यात त्याचा कायदा झाला, आणि स्वस्त कर्जे मिळू लागली. ती घ्यायला पुढे आले ते प्रामुख्याने शेतकऱ्यांचे गट. साधारण पाच डॉलर प्रवेश फी भरायची आणि सभासद व्हायचे. ज्याच्या घरात दिवा तो संस्थेचा मालक, आणि मत एकच, मग घरात एक बल्ब असो वा गोठ्यात दूध काढायचे यंत्र.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती या संस्थांची माहिती देण्याची रीत. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी मीटर वाचायला माणूस येत नसे. सभासद स्वतः मीटर वाचायचा, कार्डावर आकडा लिहायचा, तक्त्यावरून बिल काढायचा आणि पैशांसह टपालाने पाठवायचा. खर्च वाचावा हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता, पण परिणाम त्याहून खोल झाला. महिन्यातून एकदा घरातले कोणीतरी मीटरसमोर उभे राहायचे आणि आपण किती वीज वापरली याचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडायचे. युनिट म्हणजे काय हे शिकवायला वेगळी शिबिरे भरवावी लागली नाहीत.

दुसरी रीत नियतकालिकांची. विस्कॉन्सिनच्या संस्थांनी १९४० मध्ये सभासदांसाठी राज्यभराचे पत्र सुरू केले. टेक्सासमध्ये १९४४ मध्ये तसेच पत्र निघाले, आणि ते मासिकरूपात आजही चालू आहे. अशा मासिकांत राज्याची पाने समाईक असतात आणि मधली काही पाने प्रत्येक संस्थेची स्वतःची. पाककृती, विहिरीच्या मोटारीची निगा, तुटलेल्या तारेपासून सावध राहण्याच्या सूचना आणि त्यांच्या शेजारीच सभेची नोटीस व संचालकांचे निर्णय. काही संस्था एक गमतीची युक्ती करतात. पानांच्या मजकुरात कुठेतरी एखाद्या सभासदाचा खाते क्रमांक दडवून छापायचा. ज्याला आपला क्रमांक सापडेल त्याच्या बिलात सूट! सभासदाने सगळा अंक ओळीने वाचावा म्हणून केलेली ही क्लृप्ती मला कितीतरी संपादकीयांपेक्षा हुशार वाटते.

तिसरी रीत वार्षिक सभेची. गणपूर्ती व्हावी म्हणून तिथे जेवण, गाणी आणि सोडतीत इस्त्रीसारखी बक्षिसे असत. आपल्याकडच्या सभेतला चहा-भजी आणि भेटवस्तू पाहता हे काही परके वाटायला नको.

चौथी रीत हिशेबाची. वर्षाअखेर जे शिल्लक राहील ते ज्याने जितकी वीज घेतली त्या प्रमाणात त्याच्या नावे जमा दाखवायचे आणि त्याला तसे कळवायचे. पैसे लगेच हातात येत नाहीत. संस्था ते काही वर्षे भांडवल म्हणून वापरते आणि मग परत करते. पण आपल्या नावावर इतके जमा आहेत, असे दरवर्षी कळवले गेले की सभासदाला मालकीची आठवण आपोआप राहते.

मीटर आणि सातबारा

आपल्या कायद्यात या बाबतीत उणेपणा नव्हता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभेची इतिवृत्ते आणि वह्यांतला स्वतःच्या व्यवहारापुरता भाग विनामूल्य पाहता येतो. हा शेवटचा तुकडा मला फार मोलाचा वाटतो. ‘स्वतःच्या व्यवहारापुरता भाग’ म्हणजे संस्थेच्या खातेवहीतला सभासदाचा सातबाराच.

पण वीज संस्थेच्या वहीत तो लिहायचा तर मीटर हवा. महाराष्ट्रात १९७७ पासून कृषिपंपांना अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. पाच अश्वशक्तीची मोटार असेल तर इतके रुपये, मग ती रोज दोन तास चालो की दहा तास. शेतकऱ्याला ते सोयीचे होते. मीटर वाचायला शिवारात हिंडायचे नसल्याने वितरण करणाऱ्यालाही ते सोपे होते. या सोयीची किंमत हिशेबाने मोजली. पंपाने किती वीज घेतली हे मोजायचेच नसेल, तर ते अंदाजाने लिहावे लागते. अंदाज वाढवला की गळती कमी दिसते आणि घटवला की जास्त. चोरी, तांत्रिक तूट आणि खरा वापर अशा तीन वेगळ्या गोष्टी एकाच ढिगात पडतात.

सरकारी मंडळाला असा ढीग वर्षानुवर्षे सांभाळता येतो, कारण त्याच्या मागे राज्याची तिजोरी असते. सहकारी संस्थेच्या मागे फक्त सभासद असतात. मुळा-प्रवरेच्या क्षेत्रात शेतीपंप हा विजेचा मोठा गिऱ्हाईक होता. घाऊक वीज मोजून विकत घ्यायची आणि तिचा मोठा भाग न मोजता विकायचा, हा व्यवहार कोणत्याही वाण्याने पहिल्याच महिन्यात थांबवला असता. सभासदाच्या अंगाने पाहिले तर बिनमीटरच्या पंपाच्या मालकाने कलम ३२ खाली वही मागितली असती, तरी तिच्यात त्याला काय दिसले असते? मोटारीची अश्वशक्ती आणि भरलेली रक्कम. आपण किती वापरले, ते संस्थेला कितीला पडले आणि फरक कोणी भरला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या वहीत असणे शक्यच नव्हते.

शेवट

मंडळाने संस्थेला घाऊक वीज कोणत्या दराने द्यावी, यावरून वाद वाढत गेला. थकबाकीचा डोंगर झाला. मंडळाच्या विभाजनानंतर आलेल्या महावितरणच्या दाव्यानुसार ती दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. संस्थेच्या परवान्याची मुदत ३१ जानेवारी २०११ ला संपत होती. पुढच्या परवान्यासाठी संस्था आणि महावितरण या दोघांचेही अर्ज होते. राज्य वीज नियामक आयोगाने २७ जानेवारी २०११ च्या आदेशाने परवाना महावितरणला दिला. १ फेब्रुवारीपासून १८३ गावांचे बिल दुसऱ्या नावाने येऊ लागले. चाळीस वर्षांचा प्रयोग संपला.

या शेवटाचे खापर कोणा एकावर फोडणे सोपे आहे आणि तसे ते पुष्कळांनी फोडलेही. संस्थेचे समर्थक दराकडे बोट दाखवतात, विरोधक वसुलीकडे. मला दोन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात, कारण दोन्हींत सभासद गैरहजर आहे. घाऊक दर अन्यायाचा असेल तर त्याविरुद्ध सर्वांत मोठा आवाज सभासदांचा उठायला हवा होता. वसुली ढिली असेल तर शेजाऱ्याच्या थकबाकीचा जाब सर्वांत आधी सभासदानेच विचारायला हवा होता. दोन्हींसाठी त्याच्या हातात आकडे असावे लागतात, आणि तेही बिनमीटरच्या पंपाचे अंदाजी आकडे असून चालत नाही.

अमेरिकन नमुन्यावर मी भाळलो आहे असे कोणी म्हणेल, म्हणून तिकडचीच एक हकिगत सांगतो. टेक्सासमधली पेडरनेल्स ही वीज सहकारी संस्था लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसचे तरुण सदस्य असताना खटपट करून उभी केली. पुढे ती सभासदसंख्येने देशातली सर्वांत मोठी झाली. निवडणुका होत, सभा होत. तरी २००७ मध्ये सभासदांनाच कोर्टात जावे लागले. त्यांची तक्रार आपल्या कानांना ओळखीची वाटेल : संचालकांची निवड आतल्या आत ठरते, खर्चाचे कागद दाखवत नाहीत, प्रश्न विचारणाऱ्याला दाद देत नाहीत. २००८ मध्ये तिथे चुरशीची निवडणूक झाली, संचालकांच्या बैठका सभासदांना खुल्या झाल्या आणि दफ्तर पाहण्याचे नियम बदलले. संस्था वाचली. संस्थेने काय सांगावे हे संस्थेवरच सोडले तर ती पाककृती सांगते. हिशेब मागावा लागतो.

मुळा-प्रवरेच्या भावंडांपैकी सिरसिल्ला आणि बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरी या संस्था आजही वीज वाटतात आणि त्यांच्या संचालक मंडळांच्या निवडणुका चुरशीने लढल्या जातात. म्हणजे खेड्याला वीज संस्था चालवता येत नाही, हा निष्कर्षही घाईचा आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या पाचव्या कलमात ग्रामीण वितरणासाठी पंचायती, वापरकर्त्यांचे संघ आणि सहकारी संस्था यांची नावे आजही आहेत. दार कायद्याने बंद केलेले नाही.

दरम्यान शिवारातला हिशेब आणखी पुसट झाला आहे. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. संकटातल्या शेतकऱ्याला ती मिळू नये असे मी म्हणणार नाही. ती रक्कम सरकार अनुदान म्हणून भरते, म्हणजे कोणीतरी युनिटांचा आकडा लिहितोच. तो आकडा शेतकऱ्याला मात्र पडताळता येत नाही. आपल्या नावावर किती वीज दाखवली गेली आणि तिच्यापोटी सरकारने किती पैसे भरले, हे सांगणारा एक कागद प्रत्येक पंपधारकाला वर्षातून एकदा मिळायला काय हरकत आहे? मोजमाप, दर, अनुदान आणि त्या फीडरवरची गळती, एवढे चार आकडे पुरेत.

असा कागद मिळाला तर गावात तो वाचला जाईल याची मला खात्री आहे. उसाच्या काट्यावर पाच किलोचा फरक पडला तर वाद घालणारा, दुधाच्या फॅटमधला दशांश तोंडपाठ असणारा शेतकरी विजेच्या बाबतीत अडाणी नाही. त्याला मुजोर पंपवाला, फुकट्या किंवा लाभार्थी अशी नावे मिळाली. मुळा-प्रवरेने चाळीस वर्षे त्याला सभासद म्हटले. हे नाव त्या सगळ्यांहून चांगले होते. त्या नावाबरोबर जो हिशेब जायला हवा, तो मात्र अजून त्याच्या बांधापर्यंत पोचायचा आहे.