गाणी घरात, किल्ली कुणाकडे?

घरातल्या संगणकावरची गाणी बैठकीच्या खोलीतल्या ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रांचा इतिहास जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे. तो सहसा आवाजाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी एमपी३, मग फ्लॅक, आधी केबल, मग वाय-फाय. ही मांडणी खोटी नाही, पण एका प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. २००१च्या सुमारास सारख्याच कामासाठी बाजारात आलेल्या यंत्रांपैकी एकाची पिढी आजही वाजते आहे आणि बाकीची अडगळीत गेली, ती कशामुळे? आवाजाच्या दर्जात त्यांच्यात एवढे अंतर नव्हते. माझ्या मते निर्णायक गोष्ट वेगळी होती. गाण्यांची सूची ठेवणारा आणि गाणे पाठवणारा मेंदू कुठे बसला होता, आणि तो उघडून दुरुस्त करण्याची मुभा ऐकणाऱ्याला होती की नाही, यावर या यंत्रांचे आयुष्य ठरले.

आधी गरज कुठून निर्माण झाली ते पाहू. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि तेही दोन वाहिन्यांसाठी. हिशेब सेकंदाला सुमारे १४ लाख बिटांवर जातो. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाला न जाणवणारे तपशील गाळून हा भार दहाव्या हिश्शावर आणला. १९९५ साली त्या फायलींना एमपी३ हे नाव मिळाले, १९९७मध्ये त्या वाजवणारा विनअँप हा प्रोग्राम आला, आणि दोन-तीन वर्षांत लोकांच्या हार्ड डिस्कवर शेकडो गाणी साठली. पण संगणक होता टेबलावर, वीतभर उंचीच्या स्पीकरांसह. चांगला ॲम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर होते दुसऱ्या खोलीत. इंटरनेटवरून गाणे मागवावे, तर ५६ किलोबिटांच्या मोडेमवरून १२८ किलोबिटांचे एमपी३ अखंड वाजणे शक्यच नव्हते. घरातल्या घरात तार ओढणे हाच मार्ग होता.

या मार्गावर कायद्यानेही शिक्का मारला, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९८ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओ नावाच्या खिशातल्या एमपी३ प्लेअरवर दावा लावला. जून १९९९मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. स्वतःच्या डिस्कवरचे गाणे स्वतःच्या दुसऱ्या उपकरणावर नेणे हा खासगी वापर आहे, असे मानले. जानेवारी २०००मध्ये एमपी३डॉटकॉम या कंपनीने पुढची पायरी गाठली. तुमची सीडी एकदा संगणकात घालून ती तुमच्याकडे असल्याचे दाखवा, मग तेच संगीत आमच्या सर्व्हरवरून कुठेही ऐका, अशी ती सेवा होती. त्यासाठी कंपनीने हजारो सीडी विकत घेऊन त्यांच्या प्रती सर्व्हरवर ठेवल्या होत्या. एप्रिलमध्ये न्यायाधीश जेड रेकॉफ यांनी हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरवले, आणि एकट्या युनिव्हर्सलला कंपनीने ५ कोटी ३४ लाख डॉलर मोजले. वर्षभरात आलेल्या या दोन निकालांतून यंत्रे बनवणाऱ्यांनी धडा घेतला: गाणे घरात फिरले तर निर्धास्त, कंपनीच्या कपाटात गेले तर धोका. तेव्हाच्या यंत्रांचा सर्व्हर घरात राहिला, यामागे ऐकणाऱ्याच्या स्वातंत्र्याची कळकळ नव्हती. पण परिणाम तोच झाला, आणि त्याचे मोल पुढे कळले.

त्या पहिल्या पिढीतली तीन यंत्रे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. सॉनिकब्लूच्या रिओ रिसीव्हरमध्ये छोटा ॲम्प्लिफायरसुद्धा होता. तो सुरू होताना आपली सगळी प्रणाली विंडोजवर चालणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामकडून नेटवर्कवरून ओढून घेत असे. टर्टल बीचचा ऑडिओट्रॉन उलट स्वभावाचा: संगणकावर काही बसवायला नको, तो विंडोजमधल्या सामायिक फोल्डरांत स्वतःच शिरून गाणी शोधी. तिसरे स्लिम्प३, कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या चिमुकल्या कंपनीचे. त्याच्यात स्वतःची अक्कल जवळपास नव्हतीच. रिमोटचे बटण दाबले की त्याची खबर सर्व्हरकडे जायची. पडद्यावर कोणती अक्षरे उमटवायची हेही सर्व्हरच सांगायचा. यंत्राने फक्त येणारे एमपी३ उलगडून ॲम्प्लिफायरला द्यायचे. तो सर्व्हर पर्ल भाषेत लिहिला होता, विंडोज, मॅक, लिनक्स अशा सर्वांवर चालत होता, आणि त्याचा संपूर्ण कोड मुक्त परवान्याखाली खुला होता. खरेदीच्या वेळी यातले सर्वांत दुबळे यंत्र स्लिम्प३च म्हणावे लागेल. ॲम्प्लिफायर नाही, वाय-फाय नाही, एमपी३खेरीज दुसरा आवाज कळत नाही.

सॉनिकब्लूने मार्च २००३मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. रिओ रिसीव्हरला हौशी प्रोग्रामरांनी पर्यायी सर्व्हर लिहून काही वर्षे जगवले. यंत्र सगळेच बाहेरून मागत असल्याने ते शक्य झाले. ऑडिओट्रॉनच्या बाबतीत तेही जमले नाही. त्याची अक्कल बंद पेटीत होती, आणि फोल्डर वाचण्याची जी जुनी पद्धत तो जाणत होता ती असुरक्षित ठरून २०१७पासून नव्या विंडोजमध्ये मुळातच बंद येऊ लागली. स्लिम्प३चा वंश मात्र वाढला: २००३मध्ये वाय-फायसह स्क्वीझबॉक्स, २००५मध्ये फ्लॅक स्वतः उलगडणारे दुसरे मॉडेल. ऑक्टोबर २००६मध्ये लॉजिटेकने ही कंपनी २ कोटी डॉलरना घेतली आणि २०१२मध्ये सगळी मालिका गुंडाळली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सर्व्हरचा कोड खुला होता, तो लोकांनी चालू ठेवला. रास्पबेरी पायसारख्या स्वस्त बोर्डावर चालणारा, स्क्वीझबॉक्सचे सोंग घेणारा प्लेअरही लिहिला गेला. यंत्र बनणे थांबले आणि यंत्राची जागा घेणारे हजारो बोर्ड घराघरांत तयार झाले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे भक्तांच्या चिकाटीचे फळ आहे, रचनेचे नव्हे. पण भक्त ऑडिओट्रॉनलाही होते. चिकाटीला हात घालायला जागा लागते, आणि ॲपलच्या एअरट्यून्सचा इतिहास हेच दुसऱ्या बाजूने दाखवतो. जून २००४मध्ये ॲपलने एअरट्यून्सची सोय असलेला १२९ डॉलरचा एअरपोर्ट एक्स्प्रेस आणला. आयट्यून्स गाणे उलगडून, ॲपलच्याच विनाहानी पद्धतीत पुन्हा बांधून, कुलूपबंद करून त्याच्याकडे पाठवत असे. सोय अप्रतिम होती. पण त्या कुलपामुळे आयट्यून्सशिवाय कुणालाही त्या पेटीकडे गाणे पाठवता येत नव्हते. दोनच महिन्यांत नॉर्वेच्या यॉन लेक योहान्सेनने पाठवण्याची किल्ली शोधून प्रसिद्ध केली. २०११मध्ये एका प्रोग्रामरने पेटीच्या पोटातली खासगी किल्लीही बाहेर काढली, आणि कोणताही संगणक एअरट्यून्सचा रिसीव्हर बनू शकला. ॲपलने एअरपोर्ट एक्स्प्रेस २०१८मध्ये बंद केला. त्या किल्लीवर उभे राहिलेले मुक्त प्रोग्राम चालूच आहेत. कुलूप कलाकारांच्या हितासाठी होते असे कुणी म्हणेल, आणि चोरीमुळे कलाकारांचे नुकसान झाले हे मी नाकारत नाही. पण हे कुलूप विकत घेतलेल्या गाण्याला आणि स्वतःच्या सीडीवरून उतरवलेल्या गाण्याला सारखेच लागत होते. आणि २००९मध्ये खुद्द ॲपलच्या दुकानातल्या गाण्यांवरची बंधने निघाली तेव्हा विक्री काही कोसळली नाही.

एक काम मात्र खरोखर कठीण होते, आणि तिथे बंद रचनेची बाजू मजबूत आहे. दोन खोल्यांत एकच गाणे एकाच क्षणी वाजवणे ऐकायला सोपे वाटते. प्रत्येक पेटीत वेळ मोजणारा स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत पन्नास एवढासा फरक असला तरी तासाभरात दोन पेट्यांत १८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. तीस-चाळीसच्या पुढे कानाला ते प्रतिध्वनीसारखे खटकू लागते. म्हणून पेट्यांनी सतत एकमेकींची घड्याळे तपासावी लागतात, मध्येच एखादा नमुना गाळावा किंवा भरावा लागतो, आणि तोही ऐकणाऱ्याला कळता कामा नये. २००२मध्ये सांता बार्बरात स्थापन झालेल्या सोनोसने हे २००५पासून इतक्या सफाईने केले की बाकीचे मागे पडले. त्यांच्या अभियांत्रिकीला मी मनापासून दाद देतो. पुढे या तंत्रावरच्या पेटंटांसाठी त्यांनी गूगलशी झुंज घेतली आणि जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाच पेटंटांबाबत त्यांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर गूगलला आपल्या स्पीकरांच्या काही सोयी काढून घ्याव्या लागल्या. ज्यांनी ते स्पीकर आधीच विकत घेतले होते, त्यांच्या घरातून त्या सोयी गेल्या.

सर्वांत वजनदार आक्षेप डीएलएनएचा आहे. सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी २००३मध्ये मिळून ही संघटना काढली; नियम सामायिक, सर्व्हर घरातच, आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत असंख्य उपकरणांवर तिचे चिन्ह. मग ती लोकांच्या मनात का रुजली नाही? कारण तिच्या मुळाशी असलेल्या यूपीएनपी नियमांत कितीतरी गोष्टी ऐच्छिक ठेवल्या होत्या. पुढचे गाणे आधीच तयार ठेवण्याची आज्ञाही ऐच्छिक होती. मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळ्या फायलींत तोडलेले असतात. जिथे निर्मात्याने ती आज्ञा पाळली नाही तिथे त्या सांध्यावर शांततेचा खड्डा पडे. खुलेपणा पुरेसा नसतो, कुणीतरी नेटाने काम पूर्ण करावे लागते, हे इथे मान्य करायला हवे. तरीही नोंद घ्यावी की २०१७मध्ये ती संघटना विसर्जित झाल्यावर तिच्या नियमांवर चालणारे रिसीव्हर बंद पडले नाहीत.

उरतो रोजच्या व्यवहारातला आक्षेप: सर्व्हर सांभाळायला वेळ कुणाला आहे, लोकांनी स्पॉटिफाय निवडले आणि विषय मिटला. बहुसंख्यांसाठी तो मिटला हे खरे. पण आपल्याकडच्या संगीताच्या श्रोत्याने जरा थांबून विचार करावा. एमपी३ फायलीत गाण्याची माहिती लिहिण्याच्या १९९६च्या मूळ आयडी३ पद्धतीत गाण्याच्या नावाला ३० अक्षरे होती आणि ८० प्रकारांच्या यादीत हिंदुस्थानी संगीताला जागा नव्हती. नंतरच्या आवृत्तीत आणि फ्लॅकमध्ये हवे ते रकाने घालता येतात, देवनागरीतही. राग, ताल, साथीदार, मैफलीचे गाव, नाट्यपदाचे नाटक आणि संगीतकार, हे सगळे स्वतःच्या फायलीत लिहिता येते, आणि खुल्या सर्व्हरला त्यानुसार शोधायला शिकवता येते. भाड्याच्या सूचीत श्रोत्याला एक अक्षर बदलता येत नाही. जुन्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे तर त्या सूचीत कधी येणारच नाहीत.

सोय विकणाऱ्यांनीही सोयीची हमी दिलेली नाही. जानेवारी २०२०मध्ये सोनोसने आपल्या जुन्या पेट्यांना यापुढे सुधारणा मिळणार नाहीत असे सांगितले. मे २०२४मध्ये नवे ॲप आणले, तर त्यात घरातल्या संगणकावरची गाणी शोधण्याची सोयच सुरुवातीला नव्हती. ग्राहकांचा संताप इतका वाढला की जानेवारी २०२५मध्ये कंपनीचे प्रमुख पायउतार झाले. त्याच २०२४ साली लॉजिटेकनेही स्क्वीझबॉक्ससाठीची आपली ऑनलाइन सेवा बंद केली. ज्यांची पेटी केवळ त्या सेवेवर अवलंबून होती त्यांना नवी सोय शोधावी लागली. घरात सर्व्हर असलेल्यांनी त्या वर्षी त्याची नवी आवृत्ती उतरवून घेतली. कंपनीचे नाव वगळून लोकांनी त्याचे लिरिअन असे नामकरण केले होते.