पत्र, निळ्या खुणा आणि सातचा भोंगा

पोरे बिघडली ही तक्रार जुनीच. १८६१ साली 'मुक्तामाला' निघाली, पुढे कादंबऱ्यांचे पेव फुटले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ती केली. १९१३ नंतर चित्रपटांविषयी केली. म्हणून मोबाइलच्या नावाने कोणी गळा काढला, की आम्ही प्रथम साशंक होतो. पण ह्या वेळी एक भेद आहे. कादंबरीचे शेवटचे पान येई, खेळ संपून दिवे लागत. आणि वाचणाऱ्या मुलाला कादंबरी काही गुण देत नसे.

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढले. मराठवाड्याच्या खेड्यांतून मुले शिकायला आली. घरच्या पत्राला दिवस लागत. उत्तर न आल्यास दोष टपालाला देता येई. ही सोय लहान नव्हती! २००९ मध्ये फेसबुकने पसंतीचा अंगठा आणला, २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने निळ्या खुणा आणल्या. आता निरोप वाचला गेला हे कळते, आणि तरी उत्तर नाही हेही कळते. पंधरा वर्षांच्या मुलीने छायाचित्र टाकले, की तिची किंमत साऱ्या वर्गापुढे आकड्यात मांडली जाते. शाळेतली थट्टा पूर्वी शाळेतच राही. ती आता उशाशी येऊन झोप नेते.

अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये इशारा दिला, की रोज तीन तासांहून अधिक वेळ ह्या माध्यमांवर घालवणाऱ्या मुलांत चिंता व नैराश्याचा धोका दुप्पट दिसतो. एकाकी मूल मोबाइलकडे वळते, की मोबाइल त्याला एकाकी करतो? आम्हांला वाटते, दोन्ही घडते. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत शाळेच्या नावाने तो त्यांच्या हाती आम्हीच दिला.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ च्या ऑगस्टात एक उपाय केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजे आणि दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद. मुलांनी अभ्यास करायचा, थोरांनी वाचायचे. नियम पोरांपुरता नव्हता, हे आम्हांला विशेष वाटते. घरच्या मालिकाही थांबवायच्या होत्या.

छत्रपती संभाजीनगरात असा भोंगा कोणी वाजवावा? येथे सातला कित्येक मुले शिकवणीलाच असतात, आणि उद्याचा गृहपाठ येतो तोही मोबाइलवर.