पहिल्या ओळीचा अधिकार : स्क्रिप्टच्या प्रवेशद्वाराचा इतिहास

१/ टर्मिनलवर स्क्रिप्टचे नाव टाइप करून एंटर दाबले की ती चालू लागते. पण ती कोणी वाचायची आणि आरंभ कोठून करायचा, हे कोण ठरवते? १९८० साली या प्रश्नाचे उत्तर बदलले.

२/ सी भाषेतला प्रोग्राम यंत्रभाषेत रूपांतरित होतो. प्रोग्रामरच्या लेखी त्याचे प्रवेशद्वार म्हणजे 'मेन' हे फंक्शन. स्क्रिप्ट मात्र निव्वळ मजकूर. युनिक्सचा कर्नल तिला प्रोग्राम मानीतच नसे.

३/ कर्नलने नकार दिला की शेल स्वतःच ती फाइल वाचू लागे. बर्कलीत बिल जॉय यांचा सी-शेल आला आणि पेच पडला : फाइल नेमकी कोणत्या शेलची? सी-शेलने तोडगा काढला. पहिले चिन्ह # असेल तर ती आपली, एरवी जुन्या शेलची. पण हा शेलचा अंदाज होता. कर्नल अनभिज्ञच राहिला.

४/ १० जानेवारी १९८० रोजी बेल लॅब्जमधील डेनिस रिची यांनी नवी सोय कळवली. फाइलीच्या आरंभी #! ही दोन चिन्हे दिसली, की कर्नल त्यापुढे लिहिलेला इंटरप्रिटर चालवील आणि फाइल त्याच्या स्वाधीन करील. निवड आता चालवणाऱ्याची नव्हे, लिहिणाऱ्याची झाली. या खुणेला पुढे 'शिबँग' हे नाव रूढ झाले.

५/ या अधिकाराला धोकाही होता. कर्नल फाइल एकदा उघडतो. इंटरप्रिटर तीच फाइल नावाने पुन्हा उघडतो. मधल्या क्षणी कोणी फाइल बदलली तर? मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टच्या बाबतीत ही फट घातक ठरे. म्हणून लिनक्स स्क्रिप्टवरील ती विशेष मुभा जुमानत नाही.

६/ २००४ मध्ये पायथन २.४ ने -एम हा पर्याय आणला. फाइलीचा मार्ग न देता केवळ मॉड्यूलचे नाव सांगावे. पायथन ते शोधून चालवतो. अशा रीतीने चालवलेल्या मॉड्यूलला 'मेन' हेच नाव मिळते. सी भाषेतला तो जुना शब्द येथेही दाराशी उभा आहे.

७/ रिची यांनी पुढे प्रांजळपणे नमूद केले, की #! ची कल्पना मूळ त्यांची नव्हती. बर्कली युनिक्सविषयीच्या एका परिषदेत ती सुचवली गेली होती. सुचवणाऱ्याचे नाव मागे राहिले नाही. त्याची दोन चिन्हे मात्र आजही असंख्य स्क्रिप्टच्या माथ्यावर आहेत.